पेटीवरचं नाव

मी गझल लिहितो. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, कवीनं आपलं टोपणनाव गुंफावं असा रिवाज आहे. तीस वर्षं मी तो हौसेनं पाळतोय. म्हणूनच शोजी हामादा या जपानी कुंभाराची गोष्ट मला छळते.

हामादांचा जन्म १८९४चा. १९२० साली बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी सेंट आइव्ह्जला भट्टी उभारली. परतल्यावर टोकियोच्या उत्तरेला माशिको गावी राहिले. तिथं स्वयंपाकघरातली भांडी घडत. रांजण, बरण्या, खल. हामादांनी तीच माती घेतली, तिथल्याच दगडाची तांबूस-तपकिरी झिलई घेतली. थाळीवर झिलईची पळी फिरायची जेमतेम १५ सेकंद. इतकंच? असं कुणी म्हटलं, तर त्यात ६० वर्षं मिळवा, असं त्यांचं उत्तर.

माशिकोत त्यांनी भांड्यांवर सही केली नाही. १९५५ साली सरकारनं 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला, तरी नाही. त्यांचे मित्र कावाई कान्जिरो यांनी तर तो मानच नाकारला.

पण गंमत पाहा. जपानात असं भांडं लाकडी पेटीत ठेवतात, आणि पेटीवर हामादा सही करत! म्हणजे नाव गेलं नाही, जरा बाहेर सरकलं. हातात येतं ते निनावी भांडं. (संग्राहक पेटीच जपतात, ते सोडा.)

२०११च्या भूकंपात त्यांच्या चढणीवरच्या भट्टीची पडझड झाली. दुरुस्तीनंतर २०१५ साली ती पुन्हा पेटली, आत अनेक कुंभारांची भांडी होती.

परवा मी एक गझल नावाशिवाय संपवली. घरी वाचून दाखवली. बेगम म्हणाली, "अहो, शेवटचा शेर राहिला की!"