पदवी विद्यार्थ्यांचे प्रकल्प : फायलीतून गावाकडे

(महाविद्यालयीन शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९१६ साली मद्रास विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर एक काम सोपविले. सुटीत गावी जाल तेव्हा आपल्याच गावाची पाहणी करा, जमीन कोणाकडे किती आहे, मजुरी काय मिळते, कर्ज कोणाकडून घेतले जाते, हे विचारून लिहून आणा, असे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी एक प्रश्नावली हाती दिली. विद्यार्थ्यांनी आणलेल्या या माहितीतून १९१८ साली 'सम साउथ इंडियन व्हिलेजेस' हा ग्रंथ सिद्ध झाला. गोष्ट येथे संपली असती तर तिचे विशेष वाटले नसते. परंतु १९३६-३७ मध्ये त्या गावांची फेरपाहणी झाली आणि पुढच्या पिढ्यांतील अभ्यासकही पुन्हा पुन्हा तेथे गेले. त्यांपैकी इरुवेलपट्टू या गावात तर २००८ मध्येही अभ्यासक पोहोचले. एका गावाच्या ९२ वर्षांतील स्थित्यंतराचा आलेख आज मांडता येतो, याचे कारण आरंभी काही विद्यार्थ्यांनी सुटीचे दिवस खर्चून खरी माहिती लिहून ठेवली होती.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नव्हती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ साली या गावातील सरासरी जमीनधारणा सुमारे ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हा त्यांचा निष्कर्ष पुढे देशभर उद्धृत झाला. यानंतर ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने त्यांनी जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये प्रकाशित केला. डॉ. मॅन हे मुळात रसायनशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मातीची परीक्षा करता करता ते ती माती कसणाऱ्याच्या कर्जापर्यंत पोहोचले. विषयांच्या भिंती महाविद्यालयाच्या वेळापत्रकात असतात, गावात त्या नसतात. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावले गेले असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. तेथे शेतीचे गाव कसे होते हे जाणून घ्यावयाचे तर त्या जुन्या पाहणीकडेच वळावे लागते.

ही दोन उदाहरणे आरंभी देण्याचे प्रयोजन असे की, पदवीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणजे परीक्षेतील गुणांपुरता उपचार, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती तपासून पाहिली पाहिजे. तशी समजूत होण्यास कारणेही आहेत. पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी जो समान पाठ्यक्रम आखला, त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यास ठेवले होते. जवळची नदी, टेकडी वा तळे पाहावे, एखाद्या प्रदूषित जागी जावे, परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी यांची नोंद करावी, अशी ती योजना होती. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी झाले ते असे : एकेका शिक्षकाकडे शंभर-शंभर विद्यार्थी, क्षेत्रभेटीस वेळ नाही, प्रवासखर्चाची तरतूद नाही, आणि सादर करण्याची तारीख मात्र ठरलेली. मग महाविद्यालयाच्या दारातील झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. मुखपृष्ठावरील नाव तेवढे बदलावयाचे. आतील नदी तीच, तिचे प्रदूषणही तेच. ज्या गावास नदीच नाही तेथील विद्यार्थ्यानेही नदीप्रदूषणावर पंचवीस पाने सादर करावीत, असे प्रकार या व्यवस्थेत घडणारच. यात सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ज्या कामाकडे कोणी पाहणार नाही ते काम कोणीच मनापासून करीत नाही.

आता या प्रश्नास नवे महत्त्व आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यानुसार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला त्यात चार वर्षांच्या पदवीची सोय असून, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प करून 'संशोधनासह ऑनर्स' ही पदवी घेता येते. राज्याच्या श्रेयांक-रचनेत क्षेत्र-प्रकल्प आणि समुदाय-सहभाग यांनाही स्थान आहे. राज्यपाल तथा कुलपती यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन-संमेलन भरत आले आहे. त्यात मानव्यविद्या व भाषा, वाणिज्य व विधी, मूलभूत विज्ञाने, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण असे गट असून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र स्तर आहे. दालने सुशोभित असतात, भित्तिफलक देखणे असतात. फलकाच्या देखणेपणावर मोजमापाच्या खरेपणापेक्षा अधिक वेळ खर्च होतो की काय, अशी शंका मात्र कधीकधी येते.

थोडक्यात, यापुढे विद्यार्थी मोठ्या संख्येने गावांत येणार आहेत. ते काय विचारणार, आणि जे मिळेल त्याचे पुढे काय होणार?

एक साधे उदाहरण घेऊ. भूगोल वा पदार्थविज्ञान शाखेच्या चार विद्यार्थ्यांनी गावातील दहा विहिरी निवडल्या. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण केली आणि वजन बांधलेली मोजपट्टी त्या खुणेपासून सोडून दर महिन्याच्या ठरावीक तारखेस पाण्याची खोली नोंदविली. उपसा चालू असताना मोजावयाचे नाही, हा एकच कडक नियम. खर्च जवळपास शून्य. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. परंतु प्रत्येक गावात तिला पुरेशा विहिरी ठेवता येणे शक्य नाही. विद्यार्थ्यांच्या बारा नोंदी त्या चित्रात भर घालतात. आता पावसाचा हिशेब मांडू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र हजार हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर आकडा ५०० कोटी लिटर येतो. एवढे पाणी गावावर पडूनही वैशाखात टँकर का मागवावा लागतो, हा प्रश्न त्या विद्यार्थ्यांना पुस्तकाने विचारलेला नसतो. तो त्यांच्याच वहीतील दोन आकड्यांतून उभा राहतो. किती पाणी वाहून गेले, किती बाष्प झाले, किती मुरले आणि किती उसाने घेतले, याची उत्तरे शोधताना भूगोल, गणित, शेती आणि अर्थशास्त्र ही सारी शास्त्रे त्यांना लागतात.

त्याच विहिरींचे पाणी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तपासले तर प्रश्न आरोग्याचा होतो. भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील एका नमुन्यावरून 'विहीर दूषित' अशी दवंडी पिटणे योग्य नव्हे. नमुना पुन्हा घ्यावा, शासकीय प्रयोगशाळेकडून पडताळून घ्यावा आणि मग ग्रामपंचायतीस कळवावे. पण कळवावे अवश्य. अहवाल गुण मिळाल्यावर कपाटात जाणार आणि गाव तेच पाणी पीत राहणार, असे होता कामा नये.

सामाजिक शास्त्रांचे प्रकल्प दिसावयास सोपे आणि करावयास कठीण. विद्यार्थी गावात उतरतो तो एस.टी.च्या थांब्यावर. तेथून चावडी जवळ. चावडीच्या आसपासची तीस घरे विचारून झाली की निष्कर्ष निघतो : 'गावातील ९० टक्के कुटुंबे समाधानी आहेत.' त्या तीस घरांत ओढ्यापलीकडची वस्ती नसते, ऊसतोडीस गेलेली कुटुंबे नसतात, आणि उत्तरे देणारे बहुधा पुरुषच असतात. यावर उपाय अवघड नाही. ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना ८, समोर ठेवून दर दहावे घर घ्यावे; ज्यांची घरे त्या नोंदीत नाहीत त्यांची यादी वेगळी करावी; बंद घर दिसल्यास ते 'बंद' म्हणून लिहावे, शेजारचे घेऊ नये. बंद घरांची संख्या हाही एक निष्कर्षच असतो. स्थलांतराच्या अभ्यासात तर कदाचित तोच सर्वांत महत्त्वाचा ठरेल.

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे कायद्यानेच एक क्षेत्र खुले केले आहे. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. १९९० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील पदवी महाविद्यालयांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांना सोबत घेऊन अशा नोंदींचे काम उभे केले होते. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि घाईघाईत पुष्कळ नोंदवह्या भरल्या गेल्या. अशा नोंदवह्या आता उघडून, शिवारात हिंडून, जाणत्या माणसांना विचारून दुरुस्त करण्याचे काम विद्यार्थी करू शकतात. मात्र वैदूने वा आदिवासी आजीने सांगितलेले औषधी ज्ञान तिच्या संमतीवाचून छापावयाचे नाही, आणि छापल्यास सांगणारीचे नाव गाळावयाचे नाही.

भाषा आणि इतिहास या विषयांना प्रयोगशाळा नाही, म्हणून प्रकल्पही नाही, असा गैरसमज आढळतो. जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभर उभे केले त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. मोडी लिपीतील कागद आजही अनेक घरांच्या ट्रंकांत पडून आहेत. ती वाचणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास बचत गटाचे पाच वर्षांचे हिशेब समोर मिळाले तर त्याला पतपुरवठ्याचे जे ज्ञान होईल ते क्रमिक पुस्तकाने होणार नाही.

या साऱ्यात एक दोष मात्र सर्व विषयांत समान दिसतो. अपेक्षित उत्तर आले नाही की आकडे सरळ केले जातात. समजा, कारखान्याखालच्या ओढ्याचे पाणी बिघडले असेल असे धरून विद्यार्थी गेले आणि पाणी मानकात बसले. हा प्रकल्प फसला काय? मुळीच नाही. त्या दिवशी, त्या जागी पाणी चांगले होते, ही खरी माहिती मिळाली. पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावे, हे सुचले. असा अहवाल पूर्ण गुणांस पात्र आहे, आणि गुजराथेतला ओढा नक्कल करून आणणारा रंगीत अहवाल शून्यास. परीक्षक शिक्षकांनी एवढा एक संकेत पाळला तरी झेरॉक्सच्या दुकानांतील गर्दी ओसरेल. शक्य तेथे विद्यार्थ्याची मूळ वही मागावी. पावसाचे डाग, खोडलेले आकडे आणि तारखा असलेली वही बनविणे टंकलेखकास साधत नाही.

अधिकारीवर्गाकडून अपेक्षा फार नाहीत. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार बरीच माहिती कार्यालयांनी आपण होऊन खुली करावयाची आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद वा पीक पाहणीचे आकडे मागणाऱ्या मुलीला चार खेपा घालावयास लावू नयेत. उलट, तालुक्याच्या कार्यालयाने दरवर्षी आपल्याला पडलेले दहा प्रश्न महाविद्यालयाकडे लिहून पाठवावेत : अमुक शाळेत आठवीनंतर मुली का गळतात, अमुक पाझर तलावात गाळ किती साचला, आठवडा बाजारात दूध कोण आणते आणि कोणत्या भावाने जाते. विषय सुचत नाही ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार, आणि कामाला माणसे नाहीत ही कार्यालयांची. या दोन्ही तक्रारी एकाच टपालात मिटू शकतात.

पंचायत सदस्यांकडे शेवटची पायरी आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. ज्या विद्यार्थ्यांनी गावात पाहणी केली त्यांना अहवाल सादर झाल्यानंतरच्या ग्रामसभेत पंधरा मिनिटे द्यावीत, त्यांनी आपले निष्कर्ष मराठीत वाचून दाखवावेत, आणि ज्यांच्या घरी ते गेले होते त्यांनी चुका दाखवाव्यात. 'आमच्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी होते, तुम्ही कोरडी कशी लिहिली?' असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले की विद्यार्थी वही उघडून तारीख पाहील. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, क्रमांक घालून, नोंद करून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या तुकडीने नवी विहीर शोधण्यापूर्वी ती प्रत मागून घ्यावी, आणि कठड्यावरच्या त्याच रंगीत खुणेपासून मोजपट्टी सोडावी.