दिसत नाही ती उघडझाप

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मुरबाडला मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो, तरी गावातली मुलं अजून अडचणी घेऊन घरी येतात. अशाच एका मुलीची गोष्ट आज सांगतो.

भाताचे पैसे हातात आल्यावर वडिलांनी तिला नवा मोबाईल घेऊन दिला. मुलगी बारावी सायन्सला. क्लास कल्याणला, आणि एसटीच्या जाण्यायेण्यातच जीव अर्धा होतो. तेव्हा रात्री घरीच मोबाईलवर अभ्यास करायचा, असा बेत. पण पंधरा दिवसांत पोरीचं डोकं दुखायला लागलं. अर्धा तास वाचलं की डोळ्यांमागे ठणका आणि मळमळ. कल्याणला नेऊन डोळे तपासले, तर चष्म्याचा नंबरही नाही. मग घरात निष्कर्ष निघाला, की पोरगी टाळाटाळ करते. वडील मला म्हणाले, "सर, जुना फोन स्वस्तातला होता, त्यावर कधी कुरकुर नाही केली. हा एवढा महागाचा घेतला, तर हिचं हे असं!" परीक्षेला दोन महिने उरले होते.

मला त्यांच्या या बोलण्यातच धागा सापडला. पण तो उलगडण्याआधी आपल्या घरातल्या ट्यूबलाइटकडे बघू.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होते. आपल्याला ती सलग पेटलेलीच दिसते. मात्र अशा ट्यूबखाली पंखा बंद करताना तो क्षणभर उलटा फिरल्यासारखा वाटतो, हे तुम्ही पाहिलं असेल. कारखान्यात तर ही गंमत अंगाशी येऊ शकते. लेथवर फिरणारा लोखंडी तुकडा थांबल्यासारखा भासतो आणि कामगार हात पुढे करतो. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायची पद्धत पडली.

म्हणजे उघडझाप दिसली नाही, तरी ती असते. आणि ती त्रासही देऊ शकते. ब्रिटनमध्ये आर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका कार्यालयात जुन्या चोकच्या ट्यूब आणि अतिशय जलद चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब यांची त्यांनी तुलना केली. दुसऱ्या प्रकारच्या उजेडात डोकेदुखीच्या आणि डोळ्यांवरच्या ताणाच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

आता मोबाईलकडे येऊ. स्वस्त फोनला बहुधा एलसीडी पडदा असतो, महाग फोनला ओलेड. ओलेडचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. रंग सुरेख, काळा तर अगदी गडद. पण उजेड खूप कमी केला, की ठिपक्यांचे रंग एकसारखे राखणं अवघड जातं. म्हणून अनेक कंपन्या युक्ती करतात. उजेड मंद न करता त्याची उघडझाप करायची, आणि ब्राइटनेस जितका कमी हवा तितका बंद राहण्याचा वेळ वाढवायचा. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. काही फोनमध्ये ही उघडझाप सेकंदाला सुमारे २४० वेळा होते, काहींमध्ये हजारो वेळा. लॅपटॉपच्या काही पडद्यांमागचे एलईडीही याच पद्धतीने मंद केले जातात.

गोम आहे ती इथेच. रात्री घरचे झोपलेले, दिवा बंद. डोळ्यांना त्रास नको म्हणून मुलगी ब्राइटनेस अगदी खाली आणते. नेमक्या त्याच वेळी उघडझाप सर्वांत तीव्र होते. अंधारात बुबुळाची बाहुली मोठी झालेली असते, आणि वाचताना नजर ओळीवरून उड्या मारत जाते, त्यामुळे अशी उघडझाप अधिक जाणवू शकते. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. दहा जण तोच फोन आरामात वापरतील आणि अकराव्याचं डोकं धरेल. म्हणून तो अकरावा खोटं बोलतो असं समजू नये.

आम्ही एक साधा प्रयोग केला. खोलीत अंधार केला, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं आणि त्याच्यासमोर पेन्सिल झपाझप हलवली. ब्राइटनेस पूर्ण असताना पेन्सिलीचा सलग पट्टा दिसला. ब्राइटनेस खाली आणताच एकीच्या अनेक सुट्ट्या पेन्सिली दिसू लागल्या. वडिलांनी स्वतः दोनदा पेन्सिल हलवून पाहिली आणि काही न बोलता मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

मग नवा फोन किंवा लॅपटॉप घेताना काय बघायचं? पहिलं, खोक्यावरच्या १२० हर्ट्झला भुलू नका. तो पडद्यावरचं चित्र बदलण्याचा वेग. उजेडाच्या उघडझापीचा आकडा वेगळा, आणि तो बहुतेक वेळा छापलेलाच नसतो. दुसरं, दुकानातला फोन झगझगीत उजेडात पूर्ण ब्राइटनेसवर ठेवलेला असतो. तिथे सगळेच फोन चांगले. तेव्हा ब्राइटनेस खाली आणायला लावा, कोपऱ्यात जाऊन पेन्सिल हलवा, पाच-दहा मिनिटं वाचून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या, पैसे आपले आहेत. तिसरं, माहितीपत्रकात डीसी डिमिंगचा किंवा पीडब्ल्यूएमच्या आकड्याचा उल्लेख आहे का ते विचारा. साधारणपणे आकडा मोठा तितकं बरं.

फोन आधीच घेतला असेल, तर खोलीत दिवा लावून वाचा आणि ब्राइटनेस निम्म्याच्या वर ठेवा. काही फोनमध्ये फ्लिकर कमी करण्याची सोय सेटिंगमध्येच असते, ती शोधा. निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे मात्र घाईने घेऊ नका. कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात डोळ्यांचा ताण त्यांनी कमी होतो असं आढळलं नाही.

आणि सगळा दोष उघडझापीवर टाकून मोकळेही होऊ नका. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा. दुखणं राहिलंच तर डॉक्टरांकडे जा.

त्या मुलीने पुढचे दोन महिने जुन्याच फोनवर अभ्यास केला, दिवा लावून. नवा फोन सध्या वडिलांकडे आहे. त्यांना त्याचा काही त्रास होत नाही. पण आता घरात कुणी डोकं दुखतं म्हणालं, की ते आधी पेन्सिल मागतात.