रीमॅप, वॉरंटी आणि पंपाचं सील

आजचं रेकॉर्डिंग सातपाटीला घरूनच करतोय, त्यामुळे मागे कोंबडा ओरडला किंवा बंदरातून इंजिनाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गेल्या भागानंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच प्रश्नावर आल्यात. "दादा, टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतलीय. स्टेज वन रीमॅप करू का? वॉरंटी जाते का?" यातल्या निम्म्या लोकांनी उत्तरही स्वतःच देऊन टाकलंय, की सर्व्हिसच्या आधी स्टॉक फाइल परत टाकायची, कोणाला कळतंय!

मी केलं होतं. हे दोन्ही केलं होतं. म्हणून आज बोलतोय. गाडीचं, ट्यूनरचं आणि वर्कशॉपचं नाव घेणार नाही, कमेंटमध्ये अंदाजही बांधत बसू नका.

आधी एक जुनी गोष्ट. मी सातवीत होतो. मोठ्या काकांनी संस्थेचं कर्ज काढून बोटीला नवीन डिझेल इंजिन बसवलं होतं. डिझेल इंजिनाला इंधन देणारा जो पंप असतो, त्याचा जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं हा स्क्रू कंपनी लावून देते आणि त्याला तार ओवून सील ठोकते. आमच्याकडच्या एका मिस्त्रीने काकांना सांगितलं, कंपनी मुद्दाम इंजिन दाबून ठेवते, सील तोडा, स्क्रू फिरवा, बोट उडेल. आणि खरंच उडाली. पापलेटच्या हंगामात आधी बंदराला लागलं की भाव बरा मिळतो, त्यामुळे काका खूश. सायलेंसरमधून काळा धूर यायचा, त्याचंही कौतुक. तीन महिन्यांनी भर समुद्रात पिस्टन चिकटला. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं.

कंपनीचा माणूस आला. त्याने इंजिन उघडलंच नाही. खाली वाकला, टॉर्च पंपावर मारला आणि विचारलं, "सील कुठाय?" काका म्हणाले, "आलं तेव्हापासून तसंच आहे." तो हसला, डबा बंद केला, चहा पिऊन गेला. कर्जाचे हप्ते पुढे चार वर्षं चालू होते.

एवढं डोळ्यांनी बघूनसुद्धा मी बीटेक झाल्यावर तेच केलं. फक्त लॅपटॉप लावून.

आता ईसीयू म्हणजे काय ते पटकन सांगतो. इंजिनाचा कॉम्प्युटर. आत बरेचसे तक्ते असतात, आपल्या एक्सेल शीटसारखे. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: इतकं पेट्रोल, इतक्या अंशावर स्पार्क, टर्बोचा इतका दाब. या तक्त्यांना मॅप म्हणतात. रीमॅप म्हणजे हे आकडे बदलणं. साध्या, टर्बो नसलेल्या गाडीत त्याने फार काही हाती लागत नाही, कारण हवा तेवढीच येते. टर्बोत मात्र दाब वाढवला की जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त टॉर्क. म्हणून हा सगळा खेळ टर्बो हॅचबॅकवाल्यांचा.

मला ट्यूनरने सांगितलेला युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल: "इंजिनात ताकद आहेच, कंपनीने लॉक करून ठेवलीय." पुरावाही देतात. टाटाचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल घ्या. अल्ट्रोझ आयटर्बोमध्ये ११० पीएस आणि १४० न्यूटन मीटर. नेक्सॉनमध्ये १२० आणि १७०. मग २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर आली, तिच्यातही १२० आणि १७०. बघा, म्हणतात, नुसता मॅपचा फरक!

नुसता नाही ना. आयटर्बोला पाच गिअरचा बॉक्स होता, रेसरला सहा गिअरचा दिला. टॉर्क वाढवताना कंपनीने तो टॉर्क पेलणारा भागही बदलला आणि त्या आकड्यावर स्वतःची वॉरंटी दिली. हा मधला भाग आपल्या रीलमध्ये येत नाही.

दुसरं उदाहरण पोलो जीटीचं. जुन्या १.२ टीएसआयला १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर होते, सोबत सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी. त्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर. म्हणजे ७५ शिल्लक. ट्यूनर म्हणतो, ही शिल्लक वाया चाललीय. पण ही शिल्लक कशासाठी ठेवलेली असते? मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं भरून, कुठल्यातरी पंपावरचं हलकं पेट्रोल टाकून तुम्ही ट्रॅफिकमध्ये तासभर रांगत असता, त्या दिवसासाठी. कंपनीला लाखो गाड्यांची वॉरंटी द्यायची असते, सगळ्यात वाईट ड्रायव्हर आणि सगळ्यात वाईट दिवस धरून. कोडमध्ये आपण टाइमआउट थोडा जास्त ठेवतो, तो काय आळस म्हणून ठेवतो?

आमच्या शेजारचंच सांगतो. तारापूरची पहिली दोन युनिट १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रत्येकी २१० मेगावॉटची होती. नंतर तांत्रिक अडचणींमुळे ती १६० वर आणली. आणि १६० वर पुढे कितीतरी वर्षं चालवली. कमी आकड्यावर चालवणं हाही इंजिनिअरिंगचाच निर्णय असतो, कुणी तुमच्यापासून काहीतरी लपवून ठेवलेलं नसतं.

तर माझं प्रकरण. २०२२ ची गाडी, ड्राय क्लचवाली ऑटोमॅटिक. २०२४ च्या फेब्रुवारीत पस्तीस हजार देऊन स्टेज वन केलं. खोटं कशाला बोलू, भारी वाटलं. पालघर-मनोर रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायला आधी जिथे दोनदा विचार करायचो, तिथे नुसता पाय ठेवला की गाडी पुढे. आठ महिने मजेत गेले. मग मस्तान नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरला गाडी थरथरायला लागली. दोन आठवड्यांत क्लच घसरायला लागला. आरपीएम वर, गाडी तिथेच.

वॉरंटी अजून बाकी होती. ट्यूनरने दिलेल्या केबलने आदल्या रात्री मी स्टॉक फाइल परत टाकली आणि सकाळी वर्कशॉपला गेलो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर केळव्याचा निघाला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. गावाचं नाव ऐकून त्याने आधी मासळीचा भाव विचारला. मग फॉर्म भरताना: "दादा, रीमॅप वगैरे काही केलंय?"

मी म्हटलं, "नाही."

आता हे कसं पकडलं जातं ते सांगतो, कारण "कोणाला कळतंय" म्हणणारे बरेच आहेत. बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची मोजणी असते. तुम्ही स्टॉक फाइल परत टाकलीत की ती मोजणी कमी होत नाही, अजून एकाने वाढते! आपल्या भाषेत सांगायचं तर रिव्हर्ट हीसुद्धा एक कमिटच असते. शिवाय ओबीडीवर कॅलिब्रेशनचा चेकसम वाचता येतो, त्याला सीव्हीएन म्हणतात. सॉफ्टवेअर तेच आहे का, हे त्यावरून जुळवून बघतात. फोक्सवॅगन गटात तर डीलरचं मशीन सर्व्हरशी फाइल ताडून बघतं आणि फरक सापडला की गाडीच्या चॅसी नंबरवर "टीडी१" असा शेरा पडतो. परदेशातले ट्यूनिंगवाले या दोन अक्षरांना आणि एका आकड्याला फार घाबरतात. आणि बिघाडाचा कोड पडतो त्या क्षणाचे आकडे ईसीयू साठवून ठेवतो. त्यात स्टॉक गाडीत शक्यच नाही असा लोड दिसला, तर मोजणीबिजणी बघायचीसुद्धा गरज नाही. पंपावरचं सील आता आत गेलंय, एवढाच फरक.

हे सगळं मला माहीत होतं. रोज लॉग वाचून पगार घेतो मी. तरी "नाही" म्हटलं.

पोराने मशीन लावलं, बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवून हळू आवाजात म्हणाला, "दादा, विचार करून सही करा. मी क्लेम टाकतो. पण नंतर कंपनीच्या ऑडिटमध्ये सापडलं तर पैसे वर्कशॉपकडून वसूल होतात, आणि मग मला विचारतात की तू बघितलं नव्हतंस का."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. काकांचं "आलं तेव्हापासून तसंच आहे" आठवलं. आत येऊन सांगितलं, केलंय. तो म्हणाला, "मग क्लेम नको, पैसे भरूनच काम करू." एक लाख अठरा हजार. घरी पप्पांना आकडा सांगितला तेव्हा ते फक्त "सील?" म्हणाले.

तो क्लच रीमॅपमुळे गेला की असाही जाणारच होता, हे मला आजही माहीत नाही. ड्राय क्लच स्टॉक गाड्यांचेही जातात. कदाचित माझ्याच क्लचमध्ये दोष असेल. पण तो प्रश्न विचारायचा हक्क मी पस्तीस हजारांसोबत ट्यूनरच्या टेबलावर ठेवून आलो होतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. अमेरिकन यूट्यूबवर सांगतात की बिघाड तुमच्या पार्टमुळेच झाला हे कंपनीने दाखवायला लागतं. तिथे १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे, तो त्यांच्यासाठी. आपल्याकडे वॉरंटी पुस्तिकेतली अट आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. संपूर्ण वॉरंटी एका फटक्यात संपते असंही नाही हं. रीमॅपमुळे पॉवर विंडोची मोटर जात नाही, त्यासाठी नकार दिला तर भांडा. नकार लेखी मागा, कारणासकट. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूची तक्रार करता येते आणि दोष ठरवायला आयोग तपासणीही करून घेऊ शकतो. पण इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स यांवर भांडायला गेलात तर पहिला प्रश्न सीलचाच येणार.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "पीयूसी पास झाली म्हणजे कायदेशीर" हे डोक्यातून काढा. पीयूसीवाला उभ्या गाडीचा धूर बघतो, टर्बोचा दाब नाही. स्टेज टूमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून डाउनपाइप घालतात, तिथे तर वादच नाही, तो प्रदूषणाच्या नियमांचा सरळ भंग आहे. "फक्त सॉफ्टवेअरच तर आहे" म्हणणाऱ्यांनी २०१५ चं फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण आठवावं, तेही फक्त सॉफ्टवेअरच होतं. आणि विमा. पॉलिसीत गाडीतले बदल कळवायची अट असते. वॉरंटी गेली तर लाखाची गोष्ट आहे. अपघाताच्या क्लेमला वाद निघाला तर आकडा कुठे जाईल, विचार करा.

आता दोन-तीन व्हॉइस नोट्सची उत्तरं.

बोईसरचा एक मित्र विचारतोय, रीमॅपऐवजी ट्यूनिंग बॉक्स लावला तर? तो तर काढून ठेवता येतो. हो, काढता येतो. तो बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून खोटं बोलतो, की दाब कमी आहे, अजून वाढव. ईसीयूची फाइल तशीच राहते, पण क्लच आणि पिस्टनवरचा भार खराच असतो. आणि वर्कशॉपमध्ये फॉर्मवर सही तुमचीच.

दुसरा, विरारचा: वॉरंटी संपल्यावर करू का? तेव्हा निदान व्यवहार सरळ असतो. जे मोडेल ते तुमचं. मग ट्यूनरला टॉप आकडा विचारू नका. तुमच्या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा किती आणि तुमचा मॅप तिच्या किती खाली थांबतो, हे विचारा. कुठल्या पेट्रोलवर बनवलाय, हे विचारा. ९५ ऑक्टेनवर बनवलेला मॅप असेल आणि तुम्ही टाकीत ९१ टाकलंत तर इंजिन नॉक करणार, सेन्सर स्पार्क मागे ओढणार, आणि पैसे देऊन घेतलेली ताकद उन्हाळ्यात तशीही मिळणार नाही. दोन्ही प्रश्नांना आकडे न देता "टेन्शन नको घेऊ भाऊ" असं उत्तर आलं तर निघून या.

तिसरा प्रश्न सेकंडहँड घेणाऱ्यांचा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्यातले बहुतेक जण तशीच घेणार. जीटी, एन लाइन, आरएस असं काही घेत असाल तर टोकन द्यायच्या आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून स्कॅन करून घ्या आणि सॉफ्टवेअर मूळ आहे का ते विचारा. विकणारा नको म्हणाला, तर त्याचं उत्तर मिळालं.

माझी गाडी अजून आहे, स्टॉकवर. विकायला काढली तर जाहिरातीत रीमॅपचं लिहायचं की नाही यावर घरात वाद झाला. मी लिहिणार आहे. भाव पडेल, माहितीय.

पुढच्या भागात ई-२० पेट्रोल आणि २०२३ च्या आधीच्या गाड्या घेऊ. प्रश्न व्हॉइस नोटवरच पाठवा, आणि कृपा करून एका मिनिटाच्या आत. चला, भरती लागलीय, बोट यायची वेळ झाली. भेटू.