वसंत सबनीस : हशामागचा हिशेब
(शहागड येथील कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यान)



विनोदी लेखकाला करमणूक करणाऱ्यांच्या पंगतीत बसवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. शिबिरात त्याची आठवण निघते ती रात्रीच्या कार्यक्रमापुरती. वसंत सबनीस (१९२३–२००२) यांचे स्मरण मात्र अर्थकारणाच्या चर्चेतच व्हावयास हवे.

‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांचे वगनाट्य १९६५ साली रंगभूमीवर आले. सेवादलाच्या कलापथकात तयार झालेल्या दादा कोंडके यांनी ते महाराष्ट्रभर गाजवले. कथा साधी आहे. राज्याचा कोतवाल मरतो. त्या जागेवर हक्क हवालदाराचा. परंतु प्रधान आपल्या नात्यातला माणूस नेमतो. डावललेला हवालदार मैनावती नर्तकीला हाताशी धरतो, आणि तिच्या मोहापायी नवा कोतवाल साक्षात राजाचा छपरी पलंग चोरावयास निघतो. सारा हशा उभा आहे तो एका अन्यायी नेमणुकीवर.

गोदाकाठच्या श्रोत्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. २०२३ साली याच अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीतून आरक्षणाचे आंदोलन उभे राहिले. शेतीत भागत नाही आणि नोकरीत जागा नाही, ही तरुणांची कोंडी त्याच्या मुळाशी होती. परंतु सबनीसांच्या हवालदाराला आपला प्रतिस्पर्धी शेजारच्या जातीत दिसला नाही. तो त्याला प्रधानाच्या वाड्यात दिसला. आज मूठभर जागांसाठी एक वंचित दुसऱ्या वंचितासमोर उभा केला जातो आणि जागा आटवणारा प्रधान सुखरूप राहतो.

सबनीसांनी पुढे ‘सोंगाड्या’ (१९७१) लिहिला, ‘सौजन्याची ऐशी तैशी’, ‘गेला माधव कुणीकडे’ यांसारखी नाटके दिली. चित्रपटाच्या बाजाराने वगाची लज्जत उचलली, पण राज्यकर्त्यांवरचा रोख बहुधा वगळला. भांडवल गुंतवणाऱ्याला हसू हवे असते, बोच नको असते. तरीही ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पाहा. पुण्यात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून दोन तरुणांना बायकांचे सोंग घ्यावे लागते. मूळ कल्पना ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाची. परंतु बावीस वर्षांनीही मराठी प्रेक्षकाला ती आपलीच वाटली, कारण घरांची टंचाई हटलेली नव्हती.

यातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आपली पत्रके आकडेवारीने भरलेली असतात आणि सभा रिकाम्या. कलापथके मोडली, तेव्हा केवळ गाणी-बजावणी बंद झाली नाहीत. अन्याय नेमका कोण करतो हे हसत हसत दाखविण्याचे साधन आपण गमावले. ते गावोगाव पुन्हा उभे करणे हे संघटनेचेच काम आहे. प्रधानाला निवेदने द्यावीतच. परंतु ज्या दिवशी भर चौकात लोक त्याला हसू लागतील, त्या दिवसापासून त्याला निवेदने वाचावी लागतील.