घडवंचीवरचा समुद्र
मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, ते समुद्राच्या काठावर. चंदीगडला समुद्र सुमारे हजार किलोमीटर दूर. तेथे खाऱ्या पाण्यातील मासे पाळावयाचे, तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार विरघळवून समुद्र घरीच तयार करावा लागतो. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगी नाही.

मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद व तितक्याच उंच काचेच्या पेटीत २५० लिटर पाणी मावते. तेव्हा तिची घडवंची अशी हवी की, भार स्क्रूंवर न पडता उभ्या खांबांवरून सरळ जमिनीत उतरावा. एक पाय किंचित आखूड राहिला तरी काच तडकू शकते.

घडवंचीच्या पोटात दुसरी टाकी असते, ती संप. वरचे पाणी ओसंडून तीत येते, गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवितो. कसोटी लागते ती वीज गेल्यावर! परतीच्या नळाचे तोंड पाण्याखाली चार सेंटिमीटर असेल, तर तोच नळ वक्रनलिका बनतो व त्यात हवा शिरेपर्यंत वीस लिटर पाणी खाली ओढतो. संप आधीच काठोकाठ भरलेला असल्यास समुद्र दिवाणखान्यात आलाच म्हणावयाचा. म्हणून जाणता हौशी मनुष्य मासे आणण्यापूर्वीच पंप मुद्दाम बंद करून पाहतो आणि संपाच्या काचेवर पाण्याच्या मर्यादेची रेघ ओढतो.

चंदीगडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडते. क्षार मात्र मागेच राहतात. भर घालावयाची ती गोड्या पाण्याची, आणि तीही त्या रेघेपर्यंतच.