पारा ४५ वर, यीस्टचं काय होतं?

मे महिना, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास, धुळ्यातही तेच. अशा दिवसांत पावाचं पीठ मळताना थंडगार पाणी घेतात, कधी कधी चक्क बर्फ. कारण त्या पिठात जिवंत कामगार आहेत, यीस्ट. एकाच पेशीचा जीव. ३० अंशांच्या आसपास एकदम खूश. तापमान चाळिशीकडे गेलं की हाल सुरू.

हाल कसले, तर प्रथिनांचे. पेशीतलं प्रत्येक प्रथिन घडी घालून ठेवलेलं असतं आणि ती घडी नीट असेल तरच ते काम करतं. उष्णतेनं घडी विस्कटते, मग प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. अंडं उकडल्यावर पांढरं होतं ना, तसंच काहीसं.

यीस्टकडे साधारण ६,००० जनुकं आहेत. जनुकाची आरएनए प्रत निघते, त्या प्रतीवरून प्रथिन बनतं. ही प्रत काढण्याचं काम म्हणजे ट्रान्सक्रिप्शन. उन्हाचा चटका बसला की काही मिनिटांत इथला प्राधान्यक्रम बदलतो. पेशीच्या वाढीसाठी लागणाऱ्या शेकडो जनुकांच्या प्रती कमी होतात आणि घडी सावरणाऱ्या प्रथिनांच्या प्रती धडाधड निघायला लागतात.

पण गरम झालंय हे पेशीला सांगतं कोण? मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. एचएसपी-७० नावाचं प्रथिन घड्या सावरतं. एरवी ते एचएसएफ-वन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं. उष्णता वाढली की एचएसपी-७० बिघडलेल्या प्रथिनांच्या मागे पळतं आणि एचएसएफ-वन मोकळं होतं. ते डीएनएवर बसून ट्रान्सक्रिप्शनची यंत्रणा बोलावतं. कशासाठी? आणखी एचएसपी-७० बनवायला! ते पुरेसं झालं की पुन्हा एचएसएफ-वनला धरून बसतं. वेगळा थर्मामीटर नाही बघा, जो दुरुस्ती करतो तोच खबर देतो.

आधी थोडी सवय झाली असेल तर यीस्ट बरंच सोसतं. यीस्टला थेट ५० अंशांत टाकलं तर बहुतेक पेशी मरतात. आधी थोडा वेळ ३७ अंशांत ठेवलं तर कितीतरी जास्त पेशी जगतात. १९९० मध्ये सुसान लिंडक्विस्ट यांच्या शिकागोतल्या प्रयोगशाळेनं दाखवलं की यामागे एचएसपी-१०४ हे प्रथिन आहे. ते चिकटलेले गोळे सोडवतं. त्याचं जनुक काढून टाकलं की ५० अंशांत सवयीचा फारसा उपयोग होत नाही.

आता बेकरी सोडा, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत चला. तिथं मळीतली साखर खाऊन यीस्ट इथेनॉल बनवतं, जे पुढे पेट्रोलमध्ये मिसळतात. साखर फोडताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, म्हणून टाकी सतत थंड ठेवावी लागते. मे महिन्यात थंड करायचं पाणीच कोमट! वर स्वतःच बनवलेल्या अल्कोहोलचा त्रास. अल्कोहोल वाढलं की जे तापमान आधी चाललं असतं, तेही झेपत नाही. म्हणून चाळिशीतही काम करणारं यीस्ट शोधायला जगभरातल्या प्रयोगशाळा लागल्यात.