विद्यापीठांची प्रतिष्ठा आणि विद्यार्थिनींची सुरक्षितता



विद्यापीठाची कीर्ती जेवढी मोठी, तेवढा अप्रिय घटना झाकून ठेवण्याचा मोहही मोठा असतो. संस्थेचे नाव राखण्यासाठी पीडित विद्यार्थिनीला गप्प बसविले जाते आणि त्या मौनाचा लाभ अपराध्याला मिळतो.

अमेरिकेतील येल हे १७०१ साली स्थापन झालेले नामांकित विद्यापीठ. प्राध्यापकांकडून लैंगिक छळ झाल्यास दाद कोठे मागावी, याची रीतसर सोय तेथे नव्हती. म्हणून १९७७ साली काही विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. त्यांनी नुकसानभरपाई मागितली नाही. मागितली ती तक्रार निवारणाची व्यवस्था. १९८० साली अपिलातही त्यांना यश आले नाही. परंतु तोपर्यंत विद्यापीठाला ती व्यवस्था सुरू करावी लागली होती.

भारतात या सुधारणेचा उगम एका खेड्यात झाला. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका ग्रामीण कार्यकर्तीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांना अनुसरून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ साली समिती स्थापन झाली. तिच्यात विद्यार्थ्यांचे व शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असत. २०१७ साली ती बंद करून अंतर्गत तक्रार समिती नेमण्यात आली, तेव्हा अनेक विद्यार्थी व शिक्षकांनी विरोध केला. प्रशासनाने नेमलेली समिती प्रशासनाच्या दबावापासून मुक्त कशी राहील, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठाला लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार समितीत किमान निम्म्या महिला आणि एक बाहेरील सदस्य असावा लागतो. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना सदस्य होता येत नाही. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. संस्थेचे हित आणि न्याय यांची गल्लत होऊ नये, हाच यामागील हेतू आहे.

तथापि नियम कागदावर राहिले तर व्यर्थ होत. ज्या संस्थेत एकही तक्रार येत नाही, ती निर्दोषच असते असे नाही. कदाचित तेथे तक्रार करण्याचे धैर्यच कोणाला होत नसेल. तक्रार घेऊन आलेल्या मुलीचे म्हणणे निर्भयपणे व निःपक्षपातीपणे ऐकून घेणे, हीच विद्यापीठाच्या प्रतिष्ठेची खरी कसोटी होय.